हीटरसकट डिझेल

गाडी घ्यायची असं बन्सीधररावांनी ठरवलं ते आश्रुबांच्या गुडघ्यामुळे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढची साडेतीन वर्षं परभणीत जो भेटेल तो या गाडीविषयी मत देत राहिला, आणि त्या मतांच्या ढिगाखाली गुडघा कुठं गेला ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. खुद्द बन्सीधररावांच्याही राहिलं नाही.

आश्रुबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. राहायला पिंगळीजवळ, घरच्या चार एकरांवर. दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. असे सतरा हंगाम त्यांनी काढले आणि त्या सतरा हंगामांच्या जोरावर धाकटे बन्सीधर शाळा, कॉलेज, एम.एस्सी. अशा पायऱ्या चढत परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. सतराही वेळा आश्रुबा ट्रकच्या मागच्या हौद्यात बसून गेले. तिथं भांडी, सरपण, शेळ्या आणि माणसं एकत्रच असत. पुढं ड्रायव्हरशेजारी मुकादम बसायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला आश्रुबा डावा गुडघा धरून भावाकडं आले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडं धरून पाहिला आणि म्हणाले, सांधा झिजलाय, दोन-तीन वर्षांत वाकायचा बंद होईल. घरी आल्यावर आश्रुबा गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "बन्सी, गुडघा वाकायलाय तवर एकदा मोटारीत म्होरं बसायचंय. ड्रायवरच्या बगलंला. मुकादम बसायचा तसं."

सतरा हंगामांत त्यांनी भावाकडं काही मागितलं नव्हतं. ही पहिलीच मागणी होती.

कोणाही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरची एखादी जीप ठरवली असती, भावाला पुढं बसवून येलदरीचं धरण दाखवून आणलं असतं आणि विषय संपवला असता. पण बन्सीधररावांचा मान आडवा आला. "माझा भाऊ भाड्याच्या गाडीत बसणार नाही, माझ्या गाडीत बसेल," असं ते आधी बायकोपुढं म्हणाले, मग स्टाफरूममध्ये म्हणाले. तिथं चहा पिणाऱ्या सात जणांनी ते ऐकल्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नाही.

त्या सुमाराला एका कंपनीनं नवी गाडी काढली होती. लहानशी, दोनच दारांची, आणि मागचं दार डिकीच्या झाकणासारखं वर उघडणारी. कंपनीचं नाव इथं सांगत नाही. तसंही पुढं जे झालं त्यात कंपनीपेक्षा बन्सीधररावांचा वाटा मोठा आहे. रंगीत पत्रकात लिहिलं होतं की ही तरुणांची गाडी आहे, गिअर टाकताच झेप घेते. बन्सीधररावांचं वय तेव्हा सेहेचाळीस होतं. त्यांनी ते पत्रक वहीच्या कव्हरात घालून ठेवलं आणि रोज बाहेर काढून वाचू लागले.

"परभणीत झेप घेऊन पडायचं कुठं?" नर्मदाबाईंनी विचारलं. या त्यांच्या पत्नी. फार बोलत नसत, पण जे बोलत ते बन्सीधररावांना दोन-दोन दिवस पुरत असे.

शोरूम औरंगाबादला होतं. बन्सीधरराव सकाळच्या एस.टी.नं गेले, फॉर्म भरला. इंधन पेट्रोल, रंग पांढरा. काउंटरवर रंगनाथ नावाचा एक सुतकी चेहऱ्याचा माणूस बसला होता. त्यानं शिक्का मारला आणि सांगितलं, नंबर दोनशे बारा, आठ-नऊ महिने लागतील. आश्रुबांना त्या वेळी हाताचा टेकू घेऊन मांडी घालता येत होती. म्हणजे हिशेब अगदी बरोबर होता. इथंच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण गल्लीच्या तोंडाशी किशनराव राहत होते. किशनरावांचं ऑइल इंजिनचं दुकान. अर्ध्या जिल्ह्याच्या विहिरींवर त्यांनी विकलेली इंजिनं धडधडत होती आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्रावर अखेरचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत होती. गल्लीचीही तीच समजूत होती. पेट्रोल हा शब्द ऐकून त्यांनी बन्सीधररावांकडं अशा नजरेनं पाहिलं की बन्सीधररावांना आपण घरात काही वाईट बातमी लपवून ठेवली आहे असं वाटायला लागलं.

"सर, तुमी शिकलेले माणसं," किशनराव म्हणाले, "पेट्रोलचा काय भरोसा हाय? पेट्रोलचं इंजिन लय नाजूक. डिझेलचं इमानदार." आणि नुसतं बोलून न थांबता त्यांनी दुकानातलं एक इंजिन ओट्यावर आणून हँडल मारलं. गल्ली धुरानं भरली. नर्मदाबाईंनी वाळत घातलेली तीन पातळं काळवंडली. किशनराव आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "बघा, हे असं चालू ठिवून आमी जेवून येऊत, झोपून उठूत, तरी हे चालूच ऱ्हाईल."

"पण हे पाणी उपसतं, किशनराव. मला गाडी पाहिजे."

"इंजिन ते इंजिन. पाणी उपसा न्हाई तर माणूस उपसा." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे आणावाच लागला, कारण इंजिन तेवढ्यात बंद पडलं होतं. "नामांतराच्या बंदमधी पंप आठ-आठ दिवस उघडले न्हाईत. पेट्रोलवाले बसले घरी. डिझेल काय, कोणाच्याबी रानातल्या आखाड्यावर टिपाड भरलेलं असतंय. रानात गाडी बंद पडली तर शेतकरी तुमाला तांब्याभर पाणी देईल आन् तांब्याभर डिझेलबी देईल."

हा मुद्दा बिनतोड होता. वनस्पतिशास्त्रात त्याला उत्तर नव्हतं. बन्सीधरराव त्या रात्री तळमळले आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा औरंगाबादला गेले.

"इंधन बदललं म्हणजे गाडी बदलली," रंगनाथ म्हणाला. "नवा फॉर्म, नवा नंबर." नवा नंबर सहाशे एक्केचाळीस होता. डिझेलची गाडी आणखी दीड वर्षानं येणार होती. शिवाय खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती रंगनाथनं पेन्सिलीच्या टोकानं दाखवली. डिझेलची गाडी हीटरसकट मिळेल.

बन्सीधररावांना वाटलं, हीटर म्हणजे इंजिनचाच काही भाग असेल. रंगनाथनं खुलासा केला की नाही, हा गाडीत बसणाऱ्यांसाठी. डाव्या बाजूला पुढच्या फळीखाली बसवलेला असतो, त्यातून गरम हवा येते.

"परभणीत मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजतात हो," बन्सीधरराव म्हणाले.

"थंड प्रदेशासाठी आहे तो. पण संच एकच. हीटर नको असेल तर हेड ऑफिसला अर्ज करा. उत्तर येईपर्यंत नंबर थांबवून ठेवतो."

बन्सीधररावांनी अर्ज केला. दोन पानी अर्ज. त्यात परभणी जिल्ह्याचं बारा महिन्यांचं तापमान होतं, कॉलेजच्या नोंदवहीतून काढलेलं, आणि उष्णतेचा सजीवांच्या पेशींवर होणारा परिणाम होता. सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. हीटर संचाचा भाग असल्याने वगळता येत नाही. बन्सीधररावांनी ते पत्र चारदा वाचलं. इतक्या चांगल्या अर्जाला एकच ओळ मिळावी, याचं दुःख त्यांना हीटरपेक्षा जास्त झालं.

"घ्या हीटरसकट," नर्मदाबाई म्हणाल्या. "वाळवणाला होईल." मग जरा थांबून म्हणाल्या, "दादांना विचारलं का?"

बन्सीधररावांना ते सुचलंच नव्हतं. ते पॅसेंजरनं पिंगळीला गेले. आश्रुबा ओट्यावर बसले होते, डावा पाय अर्धवट लांब करून. मांडी आता बंद झाली होती. बन्सीधररावांनी पत्रक पुढं पसरलं आणि पेट्रोल, डिझेल, हीटर, सगळं समजावून सांगितलं. आश्रुबांनी चित्रातल्या पुढच्या काचेला बोट लावून पाहिलं. म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? तुला शिकिवलंय कशापायी?"

झालं. ते प्रेमानंच म्हणाले होते, पण बन्सीधररावांच्या डोक्यावर सतरा हंगामांचं ओझं येऊन पडलं. सतरा हंगाम खर्चून शिकवलेल्या माणसाची निवड चुकून कशी चालेल? त्या दिवसापासून गाडीची बाब ही परीक्षेची बाब झाली, आणि बन्सीधरराव परीक्षेत उत्तरं खोडून खोडून लिहिणाऱ्यांपैकी होते.

नव्वदच्या मार्चमध्ये सेलूहून दत्तराव आले. हे बन्सीधररावांचे कॉलेजातले मित्र, सेलूला त्यांची कापसाची जिनिंग होती आणि दाराशी जीप होती. आश्रुबा तेव्हा डॉक्टरला दाखवायला म्हणून परभणीतच मुक्कामाला होते. दत्तरावांनी सगळी कथा ऐकली आणि साधा माणूस जे म्हणेल ते म्हणाले. "आरे, गाडी येईल तवा येईल. माझी जीप दारात हाय ना. दादाला म्होरं बसवू, येलदरीला जाऊ, मासे खाऊ, दिवे लागायला वापस."

आतल्या खोलीत आश्रुबांनी ते ऐकलं. त्यांनी पिशवीतून धुतलेलं धोतर काढलं, नेसलं, पटका बांधला आणि काठी घेऊन दारापर्यंत आले.

बन्सीधररावांची त्यांच्याकडं पाठ होती. "दत्ता," ते म्हणाले, "उसन्या गाडीत बसवायचं असतं तर मी दीड वर्ष कशाला थांबलो असतो? माझा नंबर लागलेला आहे."

आश्रुबा दारातच उभे राहिले थोडा वेळ, मग आत गेले. नर्मदाबाई पाणी घेऊन आत गेल्या तेव्हा ते पटका सोडून त्याची घडी घालत होते. म्हणाले, "बराबर हाय त्याचं. त्याची येणारच हाय की." त्या दिवशी गुडघा थोडा का होईना वाकत होता. नर्मदाबाईंनी नवऱ्याशी तीन दिवस अबोला धरला, आणि बन्सीधररावांना त्याचं कारण कळलं नाही. कळलं नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आता गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की दत्तरावांची जीप नाकारली तरी दत्तरावांनी जाता जाता टाकलेलं एक वाक्य मात्र बन्सीधररावांनी घट्ट धरून ठेवलं. "पांढरी घेतलीस? आपल्या काळ्या रानात पांढरी गाडी म्हंजे रोजचं धुणं हाय बाबा." बन्सीधररावांना गाडीच्या अंगावर काळी माती दिसू लागली. कॉलेजच्या फाटकात उभी असलेली त्यांची कल्पनेतली गाडी दर दिवशी जास्त मळत गेली. मे महिन्यात ते तिसऱ्यांदा औरंगाबादला गेले.

"तपकिरी," ते म्हणाले.

रंगनाथनं त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या फेऱ्यांनंतर त्याच्या सुतकी चेहऱ्यावर थोडी माया आली होती. "सर, पांढरीचा तुमचा नंबर जवळ आलाय. तपकिरी डिझेल म्हणजे मागून सुरू. माझं ऐकाल तर पांढरी घ्या आणि तिकडं काय रंग द्यायचा तो द्या."

हा सगळ्यांत शहाणा सल्ला होता. पण तो ज्याच्याकडून आला तो काउंटरवरचा माणूस होता, आणि बन्सीधरराव प्राध्यापक होते. त्यांनी तपकिरीवर खूण केली. नंबर नऊशे ऐंशी.

त्यानंतरची वाट पाहण्याची जवळजवळ दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बन्सीधरराव व्यंकटीच्या टेम्पोवर गाडी चालवायला शिकले. हा व्यंकटी बाजारात भाजीपाला वाहायचा. दोनदा त्यांनी विजेच्या खांबाला आणि एकदा म्हशीला धक्का दिला. खांबाचं काही झालं नाही, म्हशीच्या मालकाचं बोलणं मात्र गल्लीभर ऐकू गेलं. किशनराव रोज विचारत, "आली का न्हाई?" आणि रोज स्वतःच उत्तर देत, "येईल. डिझेलची चीज येळ लावती." पिंगळीहून निरोप यायचे. गुडघा आता एवढाच वाकतो. आता आणखी थोडा कमी. एक्क्याण्णवच्या पोळ्यानंतर तसा निरोप आला नाही, आणि बन्सीधररावांनी विचारलं नाही.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये गाडी आली. व्यंकटीनं ती औरंगाबादहून चालवत आणली आणि दारात उभी केली तेव्हा तो घामानं भिजलेला होता. हीटरचा दांडा बंद होत नव्हता. तपकिरी रंग सुंदर होता. धुळीत तो असा मिसळून गेला होता की बन्सीधररावांना पहिल्या नजरेला गाडी आणि गल्ली वेगळी काढता आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रुबा पॅसेंजरनं आले. तोच धुतलेला पटका बांधून. डावा पाय कंबरेपासून टाचेपर्यंत सरळ होता, काठी आणि तो पाय यांत फारसा फरक उरला नव्हता. गल्ली गोळा झाली. नर्मदाबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बन्सीधररावांनी डावं दार उघडलं आणि म्हणाले, "दादा, बसा."

आश्रुबा पाठमोरे होऊन सीटवर टेकले. उजवा पाय आत गेला. डावा पाय उचलून आत घ्यायला गेले आणि तो फळीखालच्या एका चौकोनी लोखंडी खोक्याला अडला. तो हीटर होता. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागं सरकवली. पाय पुन्हा अडला. किशनरावांनी टेप आणून मोजलं आणि जाहीर केलं, "वीतभर कमी पडायलाय." मग जो तो सल्ला द्यायला लागला. आधी पाय घाला मग माणूस. आधी डोकं घाला. तिरपं करा. व्यंकटीनं पान्हा काढला, पण खोक्यावर कंपनीचं शिशाचं सील होतं आणि ते तोडलं तर गॅरंटी जाते, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. आश्रुबा दरवेळी सांगतील तसं वळत होते. चौथ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी दाराची कड धरून डोळे मिटले.

"पेट्रोलच्या गाडीला हे खोकं असतंय का हो?" गर्दीतून कोणी विचारलं.

किशनराव टेप गुंडाळत राहिले. मागच्या सीटवर जावं तर दारं दोनच, आणि पुढची सीट दुमडून तिकडं शिरायला गुडघा लागतो.

बन्सीधररावांना भर उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं. त्यांना लाज वाटत होती, आणि या खेपेला ती लोकांची नव्हती.

आश्रुबांनीच मार्ग काढला. ते काठी टेकत गाडीच्या मागं गेले, वर उघडणाऱ्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "हे उघड." दार वर गेलं. ते काठावर बसले, आत सरकले, नर्मदाबाईंनी गोधडी दुमडून पाठीशी दिली. तोंड रस्त्याकडं, गाडीकडं पाठ, डावा पाय सरळ बाहेर. "जागा लय हाय हितं," ते म्हणाले.

व्यंकटी डोकं खाजवत म्हणाला, "सर, गाडीच्या बाहीर आलेल्या मालाला लाल फडकं बांधावं लागतंय. पोलीस धरतेत."

"माल?" बन्सीधरराव इतक्या जोरात ओरडले की व्यंकटी दोन पावलं मागं सरला.

"बांधू दे रे," आश्रुबा हसून म्हणाले. "मागून येणाऱ्याला दिसलं पायजे का न्हाई?" आणि त्यांनी पाय पुढं केला. कडूबाई नावाच्या शेजारणीनं घरातून एक लाल चिंधी आणून दिली, व्यंकटीनं ती अंगठ्याला बांधली. कोणी हसलं नाही. बन्सीधररावांना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

उन्हं उतरल्यावर ते आश्रुबांना पोचवायला पिंगळीकडं निघाले. गिअर टाकताच झेप घेणारी गाडी ते पंधराच्या वेगानं चालवत होते. हीटरची गरम हवा पायांवर येत होती. मागून एक एस.टी. आली, आश्रुबांनी हातानं तिला बाजूनं जा म्हणून खुणावलं, आणि ड्रायव्हरनं जाता जाता वाकून पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. बन्सीधररावांनी तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर जात होती. सेलूची जीप त्यांना आठवली. दारात धुतलेलं धोतर नेसून उभा असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता, पण नर्मदाबाईंनी त्यांना ते नंतर एका वाक्यात सांगितलं होतं, आणि आता तो त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांना रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी उगीच हॉर्न वाजवला.

"दादा," ते पुढं बघतच म्हणाले, "मी चुकलो."

मागं काठी सरकल्याचा आवाज आला. मग आश्रुबा म्हणाले, "कशाचं चुकलास? म्होरं काय हाय? म्होरं बसलं की समदं ऊन तोंडावर येतंय. हितं मागं गार सावली हाय. मला हेच पायजे होतं."

गाडी उगवतीला चालली होती आणि सूर्य मावळतीला टेकला होता, थेट मागून येत होता. बन्सीधररावांनी आरशात पाहिलं. भावाची पाठ दिसत होती, पटका दिसत होता, आणि उन्हासाठी डोळ्यांवर आडवा धरलेला हात दिसत होता.

"बरं," बन्सीधरराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी आणखी सावकाश केली.